सासरे निफाडचे, गिझर मुलुंडचा: थंडीतलं वीजबिल कसं आवरावं?

मुलुंडची_मेघना

नमस्कार मंडळी. आमचं घर मुलुंड पूर्वेला, जुनी इमारत, तिसरा मजला, टू बीएचके म्हणायचं पण दुसरी खोली म्हणजे डबाच. आम्ही तिघं, आणि दिवाळीनंतर सासू-सासरेही आलेत. सासऱ्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं फेब्रुवारीत आहे. म्हणजे अख्खी थंडी मुक्काम इथेच.

दादा (सासरे) निफाडचे, द्राक्षबागायतदार. तिकडे पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा हा माणूस पहाटे बागेत शेकोट्या पेटवून आणि ठिबक चालू करून घड राखत असतो. इथे आल्यावर "ह्याला थंडी म्हणता होय तुम्ही?" असं रोज ऐकवून झालं. मग परवापासून पहाटे गारठा पडला आणि सासूबाईंचे गुडघे धरले. फरशी बर्फ झालीय म्हणतात. आता दादांनी वॉचमनकडून एक घमेलं पैदा केलंय आणि मुलुंडमध्ये कोळसा कुठे मिळतो याची चौकशी चालू आहे. बेडरूममध्ये निखारे ठेवायचे, "धूर निघून गेला की आत घ्यायचं, काही होत नाही."

दुसरीकडे बिल. नोव्हेंबरचं २१० युनिट, डिसेंबरचं ३३८. नवरा म्हणतो, ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. घरात कुणी उघड बोलत नाही, पण "माणसं वाढली ना" हे वाक्य हवेत फिरतंय आणि ते सासूबाईंच्या कानावर गेलंय. त्यांनी काल अंघोळीचं पाणी अर्धी बादली घेतलं. मला ते फार लागलं.

गिझर २५ लिटरचा, २००० वॅट, जुना. गावाकडे बंब असतो, काड्या सरकवल्या की दिवसभर गरम पाणी. त्यामुळे दादा पहाटे साडेचारला गिझरचं बटण दाबतात आणि ते रात्री झोपतानाच बंद होतं. चिरंजीव कॉलेजात आहेत, ते शॉवर घेतात.

विचारायचं ते असं. गिझर सतत चालू ठेवला तर वीज कमी लागते असं शेजारचे सांगतात, ते खरं का? पाइपचा गॅस आलाय, तर गॅस गिझर घ्यावा का? बाथरूमला वर एक छोटी काचपट्ट्यांची खिडकी आहे, बाकी हवा नाही. रूम हीटर नवऱ्याने निवडून ठेवलाय, फक्त पैसे भरायचे बाकी. आणि कोळशाचं दादांना कसं सांगू? सुनेने सांगितलं तर ते ऐकून घेतील, करतील मात्र त्यांचंच.

---

चेंबूरचा_चहावाला

मुंबईत थंडी आणि त्यावर धागा! कानटोपी घातलेला बोरिवलीकर आणि हाफ चड्डीतला कुलाबेकर एकाच लोकलमध्ये दिसतात तेवढीच आपली थंडी.

पण अगदीच थट्टा नको. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदलंय. आणि मुलुंड येऊरच्या डोंगराच्या कुशीत, समुद्र लांब. तुमच्याकडे कुलाब्यापेक्षा पहाट गारच असणार. हीटर घेऊ नका एवढंच माझं मत, दहा दिवस वापराल आणि मग माळ्यावर जाईल. बाकी फोरमनकाका येऊन सांगतीलच.

---

परळचा_फोरमन

आलो. मेघनाताई, माझं आयुष्य चाळींतल्या वायरिंगमध्ये गेलं, आधी गिरणीत आणि गिरण्या बंद पडल्यावर घरोघरी. तेव्हा सरळ बोलतो, राग मानू नका.

आधी यजमानांचा गैरसमज काढा. ३०० ओलांडले म्हणून सगळं बिल वरच्या दराने होत नाही. पहिली १०० युनिटं पहिल्या दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, त्यावरची तिसऱ्या. तुमची ३८ युनिटंच तिसऱ्या टप्प्यात गेली. पण त्यातच गंमत आहे. तुम्ही जे वाचवाल ते वरून कापलं जाणार, म्हणजे सगळ्यात महागडी युनिटं आधी जाणार. म्हणून ३०-४० युनिटं वाचवली तरी बिलात ती जाणवतात. बिलाच्या मागे दरांचा तक्ता छापलेला असतो, तिसऱ्या टप्प्याचा दर बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आता गिझर. सगळं एका आकड्यावर येतं: ८६०. एक युनिट वीज ८६० लिटर पाणी एका अंशाने तापवते. लिटर गुणिले जितके अंश तापवायचं, भागिले ८६०. एवढं पाठ असलं की कुठल्याही दुकानदारासमोर ताठ उभं राहता येतं.

सकाळी तुमच्या टाकीतलं पाणी साधारण २२ अंश धरू. अंघोळीला ४२ पुरे, त्यावर अंग भाजतं. एक बादली १८ लिटरची. १८ गुणिले २० भागिले ८६०, म्हणजे ०.४२. अर्ध्या युनिटाच्या आत एका माणसाची भरपूर पाण्याची अंघोळ. सासूबाईंनी अर्धी बादली घेतली म्हणून तुमचं वाचलं किती? पाव युनिटही नाही. त्यांना म्हणावं, काठोकाठ भरून घ्या.

आता चिरंजीव. साधा शॉवर मिनिटाला सात-आठ लिटर सहज सोडतो. कॉलेजचं पोर आठ मिनिटांच्या आत बाहेर आल्याचं मी पाहिलेलं नाही. ६० लिटर धरा: ६० गुणिले २० भागिले ८६०, १.४ युनिट. सासू आणि सासरे दोघांचं मिळून ०.८४. माणसं वाढली हे खरं, पण हिशोबाच्या वहीत मोठा आकडा नातवाच्या नावावर आहे. हे घरात जरूर मोठ्याने वाचून दाखवा.

गिझर चालू ठेवला तर कमी लागते, हे साफ खोटं. पाणी तापलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, बरोबर. पण टाकीतली उष्णता बाहेर झिरपतच असते, पाणी उतरलं की कॉइल पुन्हा लागते. जितका वेळ पाणी तापलेलं ठेवाल तितकी गळती. नवीन गिझरच्या स्टारच्या लेबलवर ही गळती लिहिलेली असते, २४ तासांत किती युनिट ती. तुमचा जुना आहे तर स्वतः मोजा. रात्री तापवून लाल दिवा गेला की नळाचं पाणी मगात घेऊन थर्मामीटर लावा (स्वयंपाकाचा, तापाचा नव्हे, तो फुटेल). मग गिझर बंद करा, पाणी वापरू नका, पहाटे पुन्हा मोजा. ६० चं ५० झालं असेल तर २५ गुणिले १० भागिले ८६०, पाव युनिटापेक्षा थोडं जास्त एका रात्रीत गेलं. फार उतरलं तर आतला पफ (टाकीभोवतीचा ऊब धरणारा फोम) बसलाय, गिझर बदलायची वेळ आली.

अर्थात ही गळती म्हणजे काही राक्षस नव्हे. तुमच्याकडे दिवसाला पाऊण-एक युनिट जात असेल. पण ते फुकट जातंय, आणि महागड्या दराने जातंय.

पद्धत अशी ठेवा. २५ लिटर २२ वरून ६० वर न्यायला १.१ युनिट लागतं आणि २००० वॅटची कॉइल ते साधारण ३३ मिनिटांत करते. साडेचारला लावा, पाचला दादांची अंघोळ, त्यांच्या पाठोपाठ सासूबाई, मग तुम्ही. एका रांगेत उरका आणि बटण बंद. नंतर कुणाला लागलंच तर दहा मिनिटं आधी लावायचं. थर्मोस्टॅटचा स्क्रू खाली कव्हरच्या आत असतो, तो ५५-६० वर आणून घ्या, पण वायरमनकडूनच. जुन्या गिझरचे मी ७५ वर ठेवलेले पाहिलेत. तेवढं तापवायचं आणि मग त्यात थंड ओतून निववायचं, हा धंदा कशाला? महापालिकेचं पाणी तलावाचं, मऊ असतं, त्यामुळे कॉइलवर क्षार कमी बसतात. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर मात्र कॉइल एकदा उघडून बघा. पांढरं कवच दिसेल.

रूम हीटर: २००० वॅटचा रात्रभर आठ तास लावला तर १६ युनिटं. एका रात्रीत! थर्मोस्टॅटवाला असला, निम्मा वेळ बंद राहिला, तरी आठ. आणि आपल्या खिडक्या बघा, सरकत्या काचा, फटीतून वारा, एका विटेची भिंत. गरम हवा कांजूरला जाते. त्यात जुन्या इमारतीत बेडच्या बाजूला ५ अँपिअरचं सॉकेट असतं, त्यात कन्व्हर्टर घालून हीटर लावला की प्लग वितळतो. जळक्या बॅकेलाइटचा वास मी ओळखतो, तुम्ही ओळखायची वेळ येऊ देऊ नका.

त्यापेक्षा रबरी पिशवी. दोन लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला ८० भागिले ८६०, म्हणजे ०.०९ युनिट. दोघांना दोन पिशव्या, झोपायच्या आधी पांघरुणात. खोली नाही तापवायची, अंथरूण तापवायचं.

आणि फुकटातली गोष्ट: दादा-सासूबाई कुठल्या खोलीत झोपतात? थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, डिसेंबरात मुंबईत भर दुपारीही तो डोक्यावर नसतो, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतल्या फरशीपर्यंत येतं. त्या खोलीत पलंग हलवा. दिवसा पडदे उघडे, ऊन उतरलं की खिडकी आणि पडदा बंद. फरशीवर सतरंजी. सासूबाईंना पायमोजे, पण खाली रबरी ठिपके असलेले, नाहीतर बाथरूमच्या दारात घसरतील.

गॅस गिझरबद्दल: चालवायला स्वस्त पडतो, हे मी वीजवाला असूनही मान्य करतो. पण त्या बाथरूममध्ये नाही. का ते इथे एक सिस्टर आहेत त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

---

वॉर्ड_सिस्टर

काकांनी बोलावलं म्हणून लिहिते. हिवाळ्यात बाथरूममधून उचलून आणलेली माणसं मी कॅज्युअल्टीत पाहिली आहेत, बहुतेक तरुण. गॅस जळायला हवा लागते. एक घनमीटर पाइपचा गॅस नीट जळायला जवळजवळ दहा घनमीटर हवा खातो. बंद बाथरूममध्ये ती काही मिनिटांतच अपुरी पडायला लागते, मग ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. माणसाला वाटतं गरम पाण्याने चक्कर आली. कडी आतून लावलेली असते.

गॅस गिझर घ्यायचाच तर मोकळ्या गॅलरीत किंवा डक्टकडच्या उघड्या बाजूला, धुराचा पाइप बाहेर काढून, आणि बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा नळ. तशी जागा नसेल तर विषय संपला. काचपट्ट्यांची खिडकी उघडी ठेवू, असं सगळे म्हणतात. पण थंडीत ती उघडी कोण ठेवतं?

आता दादांचं घमेलं. इथे मला जरा ठासून सांगायचंय. "धूर निघून गेला की आत घ्यायचं" हीच खरी धोक्याची रीत आहे. धूर दिसत असतो तोवर माणूस खिडकी उघडतो, खोकतो, उठून जातो. लाल झालेला, धूर नसलेला निखारा हाच मोनॉक्साइड सोडत राहतो, आणि खोलीतली माणसं झोपलेली असतात. बागेत शेकोटी पेटवली तर वर आकाश असतं. मुलुंडच्या डबा खोलीत छत आहे आणि थंडीमुळे दारं-खिडक्या लावलेल्या असणार.

शिवाय ऑपरेशन झालेला डोळा. डॉक्टरांनी डोळ्याला धूर, धूळ, नळाचं पाणी लागू देऊ नका असं सांगितलंच असेल. सून म्हणून सांगायला अवघड वाटतं ना, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर "दादा खोलीत कोळसा पेटवायचं म्हणतायत" एवढं साळसूदपणे बोला. उरलेलं डॉक्टर बोलतील.

काकांच्या रबरी पिशवीला माझी पुस्ती: उकळतं पाणी भरायचं नाही, पिशवीत दोन तृतीयांशच भरायचं, हवा दाबून काढायची, वर टॉवेल गुंडाळायचा. सासूबाईंना मधुमेह असेल तर पायाशी पिशवी ठेवून झोपू देऊ नका. पायांची जाणीव कमी झालेली असते, भाजलं तरी कळत नाही आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. त्यांच्यासाठी पांघरूण आधी ऊब धरेपर्यंत तापवा आणि त्या झोपायला आल्या की पिशवी काढून घ्या. बादलीतही आधी थंड पाणी, मग गरम. ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं.

आणखी एक. दादा पहाटे फिरायला जात असतील तर थांबवा. थंडीत पहाटे वारा पडलेला असतो, जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही आणि हायवेचा धूर, बांधकामाची धूळ सगळी खालीच साचून राहते. मुलुंडहून ऐरोलीच्या खाडीकडे बघाल तर पांढरा पडदा दिसतो, ते धुकं कमी आणि बाकीचंच जास्त. ऊन चढल्यावर, नऊच्या पुढे जा म्हणावं.

---

अंधेरीचा_निखिल

काका, स्टोरेज गिझर जुनाट झाला. तीन लिटरचा इन्स्टंट लावा, ३००० वॅट, लगेच गरम पाणी, गळतीचा प्रश्नच नाही. आम्ही तोच वापरतो.

---

परळचा_फोरमन

निखिल, गळती वाचते हे बरोबर. पण तापवायला लागणारी वीज तीच, ८६० चा आकडा इन्स्टंटवाल्यांना सूट देत नाही. ३००० वॅट म्हणजे सतत चालला तर २० अंशांनी तापलेलं पाणी मिनिटाला दोन लिटरच्या थोडं वर. १८ लिटरची बादली भरायला आठ मिनिटं. एकट्या माणसाला, उंच इमारतीत, नवीन वायरिंग असेल तर चांगलाच. पाच माणसांच्या घरात पाचवा माणूस बाहेर तोंडात ब्रश धरून उभा राहील.

शिवाय ३००० वॅट म्हणजे १३ अँपिअर सलग. तुझ्या इमारतीत चालेल. मेघनाताईंच्या जुन्या इमारतीत आधी त्या लाइनची वायर किती जाडीची आहे ते बघावं लागेल. चार चौरस मिलीमीटर असेल तर ठीक, दीडची असेल तर हात लावू नये.

इमर्शन रॉडबद्दल कुणी विचारलं नाही, पण विचारणार आहात हे मला माहीत आहे. रॉड बंद करून, प्लग काढून, मगच पाण्यात बोट. दरवर्षी कुणीतरी उलटं करतं.

---

ओझरची_वैशाली

मेघना, मी तुमच्याच सासरच्या मुलखातली. बाकी विजेचं मला कळत नाही, पण दादांचं कळतं. द्राक्षबागायतदाराला पाणी मोजायला शिकवावं लागत नाही. ठिबकच्या एका ड्रिपरमधून तासाला चार लिटर पडतं की कमी, हे तो डबा धरून तपासतो. त्यांना "दादा वीज वाचवा" सांगू नकोस, अपमान वाटेल. त्यांना सांग की शॉवर मिनिटाला किती पाणी सोडतो ते मोजून द्या, आणि मीटर रोज संध्याकाळी लिहून ठेवा. माझ्या सासऱ्यांना एकदा मीटरची वही दिली तर त्यांनी घरातले सगळे दिवे बंद करत फिरायला सुरुवात केली. (ते जरा जास्तच झालं. मी अंधारात भाकऱ्या थापल्यात.)

गुडघ्यांना बाजरीची भाकरी, तीळ-गूळ, रात्री कोमट तिळाचं तेल चोळायचं. तेल पायांच्या तळव्यांना नको, फरशीवर घसरतील. आणि गावाकडून गोधडी मागव. दोन ब्लँकेटांची ऊब एका जाड गोधडीत असते, आणि तिला प्लग लागत नाही.

---

मुलुंडची_मेघना

सगळ्यांना एकदम उत्तर देते, कारण बरंच घडलंय.

वैशाली, तू म्हणालीस तसंच केलं. दादांनी बादली, मोबाईलचं घड्याळ आणि नातू असा सगळा सरंजाम बाथरूममध्ये जमवला. १८ लिटरची बादली दोन मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला नऊ लिटर. दादा बाहेर येऊन फक्त एवढंच म्हणाले, "अरे, हा तर विहिरीचा पंप आहे." त्यानंतर काकांचा ८६० चा हिशोब त्यांनी स्वतः वहीत मांडला आणि जेवताना वाचून दाखवला. नातवाच्या नावापुढचा आकडा ऐकून सासूबाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी. आता त्या पूर्ण बादली घेतात आणि चिरंजीवांनाही बादली मिळाली आहे, शॉवर फक्त रविवारी.

पलंग हॉलमध्ये हलवला, तिथे दक्षिणेची गॅलरी आहे. दुपारी तिथे इतकं ऊन येतं की दोघं पंखा लावून बसतात. ही मुंबईची दुसरी तऱ्हा, पहाटे गोधडी आणि दुपारी ३२ अंश. नवऱ्याने हीटर यादीतून काढला. त्याऐवजी त्याला आता कमी वॅटचे पंखे घ्यायचेत, त्याला काहीतरी घ्यायचं असतंच.

सिस्टर, डॉक्टरांपर्यंत जायची गरज पडली नाही. तुमचं लिहिलेलं मी मोठ्याने वाचलं, म्हणाले नाहीत काही, पण घमेलं वॉचमनकडे परत गेलं. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे पायाशी पिशवीचं तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं.

काका, गिझर रांगेत उरकून सव्वासहाला बंद होतो. थर्मामीटर लावून पाहिलं, रात्री ५८, पहाटे ४३. हे फारच उतरलं ना? आणि दादांचा एक प्रश्न, पंख्यांबद्दल: खरंच एवढा फरक पडतो का? आणि फ्रिजचं?

---

परळचा_फोरमन

१५ अंश म्हणजे २५ गुणिले १५ भागिले ८६०, ०.४४ युनिट एका रात्रीत. पफ गेलाय. पण आता तुम्ही तो दिवसातून दोनेक तासच तापवता, तर लगेच बदलायची घाई नको. कधी टाकी गळायला लागली की पाच स्टारचा घ्या, १५ लिटरचाही पुरेल, बादलीने अंघोळ करणार असाल तर.

पंखे: जुना ७५ वॅटचा, नवीन बीएलडीसीचा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. चोवीस तासांत बारा तास फिरला तर दिवसाला अर्धं युनिट वाचतं, एका पंख्यामागे. हॉलचा पंखा आधी बदला, तो जास्त फिरतो. यजमानांना सांगा, हा खर्च मला मान्य आहे.

फ्रिजच्या आत जो गोल डायल असतो तो थंडीत कमी आकड्यावर आणा. बाहेरची हवा गार असते, तेवढा थंडावा द्यायची गरज नसते. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागच्या जाळीवरची धूळ झटका. तुमची लाइन महावितरणची आहे. मीटर स्मार्ट झाला असेल आणि बिलात दिवसाच्या वापराची वेगळी ओळ दिसत असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये वॉशिंग मशिन, इस्त्री, मिक्सर उरका, त्या वेळात युनिट स्वस्त पडतं.

एक काम आजच करा. मेन बोर्डावर रुंद स्विच असतो, त्यावर ३० एमए लिहिलेलं आणि टी अक्षराचं छोटं बटण. तो आरसीसीबी, करंट गळला की वीज तोडणारा. ते बटण दाबून बघा. खटका पडला पाहिजे. ओल्या बाथरूममध्ये गिझरची बॉडी करंट मारायला लागली तर तोच वाचवतो.

---

मुलुंडची_मेघना

दाबलं. खटका पडला. पण त्याबरोबर पूर्ण घराची लाइट गेली, फ्रिजसकट. हे बरोबर का? दादा म्हणतात, बिघडवलंस.

---

परळचा_फोरमन

बरोबर आहे. एकच आरसीसीबी पूर्ण घराला आहे, त्यामुळे सगळं जाणार. खटका वर करा, सगळं येईल. दर महिन्याला एकदा दाबत जा, मीटरच्या वहीत तारीख लिहून ठेवा. दादा लिहितील.